आकड्यांना वाचा फोडणारी चित्रे

हिशेबाच्या वहीतले आकडे मुके असतात. कारकुनी करणाऱ्या माणसाला याचा अनुभव रोजच येतो. वर्षभर रोजकीर्द लिहायची, खतावणी करायची, पै-पैचा मेळ बसवून ताळेबंद तयार करायचा आणि शेवटी तो कागद फाईलीत लावून कपाटात ठेवायचा. साहेब सही करतो, हिशेबनीस खूण करतो, बस्स! ज्या माणसांच्या कष्टाचे ते आकडे असतात, त्यांच्यापर्यंत ते कधी पोहोचतच नाहीत. पोहोचले तरी समजत नाहीत. समजले तरी लक्षात राहत नाहीत.

म्हणूनच जगातल्या काही शहाण्या माणसांनी आकड्यांची चित्रे काढण्याची विद्या शोधून काढली. आज आपण या चित्रांनी वेढलेलो आहोत. मतमोजणीच्या दिवशी टीव्हीच्या पडद्यावर रंगीत खांब वरखाली होतात. वर्तमानपत्रात अर्थसंकल्पाचा रुपया भाकरीसारखा कापून दाखवलेला असतो. विमा एजंट घरी येतो तो वर चढत जाणारी रेघ घेऊनच येतो. मुलांच्या गणिताच्या आणि भूगोलाच्या पुस्तकांत स्तंभालेख व वृत्तालेख आहेत. मोबाईलवर तर अशी चित्रे सकाळ-संध्याकाळ येऊन पडतात. इंग्रजी शिकलेली मुले यांना इन्फोग्राफिक म्हणतात. आपण साधा शब्द वापरू, माहितीचित्र.

पण वाचक बंधू-भगिनींनो, चित्र दिसले म्हणजे ते समजले असे नव्हे. अक्षर ओळखायला जसे शिकावे लागते, तसे माहितीचित्रही वाचायला शिकावे लागते. ते काढायला तर शिकावे लागतेच. या विद्येची आज मोठमोठी महाविद्यालये आहेत, पण तिची मूळ तत्त्वे इतकी साधी आहेत की आठवीतल्या मुलाला आणि चौथी शिकलेल्या आईलाही ती एका बैठकीत समजावीत. ही तत्त्वे कोरडी सांगण्यापेक्षा एका खऱ्या कामातून पाहू. ते काम सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी केले. त्यांच्यापाशी संगणक नव्हता. शाई, रंग, पट्टी आणि कंपास एवढीच त्यांची साधने होती.

कोण होते ड्यू बॉईस?

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावी झाला. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती, पण कृष्णवर्णीयांचा अपमान, दारिद्र्य आणि त्यांच्यावरचे अत्याचार संपले नव्हते. अशा काळात हा मुलगा शिकत गेला आणि १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन ठरला. पुढे फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून त्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीची पाहणी केली. कोण काय काम करतो, भाडे किती देतो, घरात माणसे किती, शिकलेली किती, हे सारे विचारून टिपून घेतले. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १८९९ साली प्रसिद्ध झाला. १८९७ पासून ते जॉर्जिया राज्यात अटलांटा विद्यापीठात शिकवीत होते.

त्यांनी एवढा आकड्यांचा ध्यास का घेतला? कारण त्या काळी आकडेच त्यांच्या समाजाविरुद्ध वापरले जात होते. १८९६ साली फ्रेडरिक हॉफमन नावाच्या, विमा कंपनीत नोकरीस असलेल्या एका आकडेतज्ज्ञाने मोठा ग्रंथ लिहिला. कृष्णवर्णीयांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आहे, हा त्यांच्या वंशाचाच दोष आहे आणि ही जमात हळूहळू नष्ट होणार आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पानोपानी तक्ते असल्यामुळे तो शास्त्रीय वाटत होता. कोंदट घरे, कमी मजुरी आणि पिढ्यान्पिढ्यांची गुलामी यांमुळे माणसे मरतात, ही गोष्ट मात्र त्या हिशेबात धरलेली नव्हती. ड्यू बॉईस यांनी १८९७ साली त्या ग्रंथावर टीका लिहून त्यातील तर्काचे दोष दाखवले. पण टीका वाचणारे थोडे आणि ग्रंथावर विश्वास ठेवणारे फार! आकड्यांच्या खोट्या अर्थाला आकड्यांच्याच खऱ्या अर्थाने उत्तर द्यावे लागणार होते, आणि तेही सर्वांना दिसेल अशा जागी.

पॅरिसची भिंत

ती जागा १९०० साली मिळाली. त्या वर्षी एप्रिल ते नोव्हेंबर पॅरिस शहरात जागतिक प्रदर्शन भरले होते. सुमारे ५ कोटी लोक ते पाहून गेले. थॉमस कॅलोवे नावाच्या कृष्णवर्णीय वकील-शिक्षकाने प्रयत्न करून तेथे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या प्रगतीचे एक दालन मिळवले. त्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने १५ हजार डॉलर मंजूर केले. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या डॅनियल मरे यांनी कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके जमवली. आणि आकड्यांचे काम ड्यू बॉईस यांच्याकडे आले.

हाताशी काही महिनेच होते. ड्यू बॉईस आणि अटलांटा विद्यापीठातील त्यांचे आजी-माजी विद्यार्थी कामाला लागले. जनगणनेची पुस्तके, कर खात्याच्या नोंदी आणि स्वतः केलेल्या पाहण्या यांतून आकडे वेचले आणि जाड कागदाच्या मोठमोठ्या तावांवर हाताने चित्रे काढली. अशी साठच्या आसपास चित्रे तयार झाली. त्यांतील पहिला संच एकट्या जॉर्जिया राज्याचा होता, कारण देशातील सर्वांत जास्त कृष्णवर्णीय लोक त्या राज्यात राहत होते. दुसरा संच साऱ्या देशाचा होता. काम संपत आले तेव्हा ड्यू बॉईस यांच्यापाशी बोटीच्या चांगल्या तिकिटाचे पैसे उरले नव्हते. बोटीच्या तळाशी गरीब उतारू कोंबलेले असत, त्या सर्वांत स्वस्त वर्गाचे तिकीट काढून ते पॅरिसला गेले आणि प्रदर्शन मांडले.

त्या चित्रांतून आपल्याला काय शिकता येईल, ते आता एकेक करून पाहू.

पहिले तत्त्व : एका चित्रात एकच सांगणे

एका तावावर १७९० ते १८७० या काळातील स्वतंत्र आणि गुलाम कृष्णवर्णीयांचे प्रमाण दाखवले आहे. सारा ताव काळ्या रंगाने भरलेला. त्याच्या माथ्यावर हिरव्या रंगाची एक अरुंद पट्टी. काळा रंग म्हणजे गुलाम, हिरवा म्हणजे स्वतंत्र माणसे. १७९० साली हिरवा भाग ८ टक्के आहे. पुढची सत्तर वर्षे ती पट्टी थोडी रुंद होते, थोडी अरुंद होते, पण १८६० सालीही ती ११ टक्क्यांवरच आहे. आणि १८७० पाशी हिरवा रंग एकदम खालपर्यंत कोसळतो, १०० टक्के!

हे चित्र पाहायला किती वेळ लागतो? दोन क्षण. गुलामी आपोआप, हळूहळू संपत नव्हती, ती संपवावी लागली, ही गोष्ट एकही वाक्य न वाचता कळते. त्याच तावावर त्यांनी लोकसंख्या, जमीन, शाळा सारेच कोंबले असते तर काहीच कळले नसते. म्हणून चित्र काढण्याआधी स्वतःला विचारावे की मला यातून कोणती एक गोष्ट सांगायची आहे? ती एका वाक्यात सांगता येत नसेल, तर चित्र काढायची वेळ अजून आलेली नाही असे समजावे.

दुसरे तत्त्व : तुलना कोणाशी हे ठरवा

एकटा आकडा काही सांगत नाही. परीक्षेत पोराला ५५ गुण मिळाले हे चांगले की वाईट? वर्गातील बाकीच्यांना किती, गेल्या वेळी याला किती, हे कळल्याशिवाय सांगता येत नाही.

गोरे लोक म्हणत, कृष्णवर्णीय निरक्षर आहेत, तेव्हा ते मागासच राहणार. ड्यू बॉईस यांनी निरक्षरतेचा आकडा लपवला नाही. त्यांनी तो इतर देशांच्या शेजारी ठेवला. एकाखाली एक आडवे पट्टे काढले. प्रत्येक देशाचा पट्टा हिरवा आणि अमेरिकन कृष्णवर्णीयांचा तेवढा लाल, म्हणजे डोळा आधी तिथेच जावा. त्यात दिसले की रशिया, रुमानिया आणि सर्बिया या युरोपातील देशांचे पट्टे या लाल पट्ट्याहून लांब आहेत. जे लोक अवघ्या ३५ वर्षांपूर्वी गुलाम होते, त्यांच्यात युरोपातल्या या देशांपेक्षा निरक्षरता कमी होती. पॅरिसमध्ये ते चित्र पाहणारे बहुतेक लोक युरोपचेच होते. एका पट्ट्याने त्यांच्या गर्वाला उत्तर दिले आणि त्यासाठी कोणाला शिवी द्यावी लागली नाही.

तिसरे तत्त्व : एका गोष्टीला एकच रंग

रंग शोभेसाठी नसतो. जॉर्जियातील कृष्णवर्णीय आणि गोरे यांचे धंदे दाखवणारे चित्र दोन पंख्यांसारखे आहे. वरचा पंखा कृष्णवर्णीयांचा, खालचा गोऱ्यांचा. दोन्हीकडे शेतीला एकच रंग, घरकामाच्या चाकरीला एकच रंग, कारखान्याला एकच रंग. त्यामुळे डोळा आपोआप तुलना करतो. शेतीत दोघेही जवळजवळ सारखे, ६२ आणि ६४ टक्के. पण दुसऱ्याच्या घरची चाकरी करणारे वर २८ टक्के आणि खाली केवळ साडेपाच टक्के. राबणारे कोण आणि राबवून घेणारे कोण, ते दोन रंगीत पाकळ्यांत दिसते. वरच्या पंख्यात शेती लाल आणि खालच्या पंख्यात हिरवी असती तर पाहणारा गोंधळून गेला असता.

चौथे तत्त्व : रेघ का वाकली ते लिहा

जॉर्जियातील कृष्णवर्णीयांच्या शहरी मालमत्तेची १८७० ते १९०० अशी तीस वर्षांची चढउताराची रेघ एका तावावर आहे. सामान्य आकडेतज्ज्ञ एवढ्यावरच थांबला असता. ड्यू बॉईस यांनी त्या रेघेच्या बाजूला त्या-त्या वर्षांपाशी शब्द लिहिले. कू क्लक्स क्लान या गोऱ्या टोळ्यांचा हैदोस, राजकीय अशांतता, नव्या कारखानदारीचा उदय, झुंडींनी केलेल्या हत्या, आर्थिक मंदी, मताधिकार हिरावून घेणारे कायदे. १८९० नंतरच्या दशकात रेघेची चढण थांबते, आणि नेमके तिथेच झुंडीच्या हत्या, मंदी आणि ते कायदे लिहिलेले आहेत.

हे शब्द पुसून टाका. मग तीच रेघ पाहून कोणीही म्हणेल, ही माणसेच आळशी झाली, म्हणून त्यांची मिळकत वाढली नाही. हॉफमनने हेच केले होते. त्याने आकडे दिले, पण परिस्थिती वगळली. म्हणून आकड्याच्या शेजारी काळ आणि कारण लिहिणे हे काही सजावटीचे काम नाही. गरिबाच्या बाबतीत तर तो न्यायाचा प्रश्न आहे.

पाचवे तत्त्व : जे माहीत नाही ते कबूल करा

मला सर्वांत आवडलेले चित्र निरक्षरतेचेच आहे, पण दुसरे. जॉर्जियातील कृष्णवर्णीयांची निरक्षरता दर दहा वर्षांनी कशी उतरत गेली ते त्यात आहे. १८६० साली ९९ टक्के, १८९० साली ६७ टक्क्यांच्या थोडी वर. पुढचे वर्ष १९००. पण त्या वर्षाच्या जनगणनेचे आकडे तेव्हा हाती यायचे होते. मग त्यांनी काय केले? ५० टक्के असा अंदाज लिहिला आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.

केवढे मोठे आहे ते छोटेसे प्रश्नचिन्ह! साऱ्या जगासमोर आपल्या समाजाची बाजू मांडायची आहे, विरोधक एकेक चूक शोधायला टपलेले आहेत, आणि तरीही माणूस सांगतो की हा आकडा खात्रीचा नाही, हा माझा अंदाज आहे. त्यामुळे त्याच्या बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास वाढतो. आजच्या मोबाईलवरच्या कितीतरी चित्रांत आकडा कोठून आला, कोणत्या वर्षाचा, किती माणसांना विचारून काढला, यांतले काहीच लिहिलेले नसते. अशा चित्रावर विश्वास ठेवू नये आणि ते चार जणांना पाठवूही नये.

सहावे तत्त्व : भुरळ घाला, पण मोजू द्या

या संचातील एक चित्र आज जगभर गाजलेले आहे. जॉर्जियातील ८,५८,८१५ कृष्णवर्णीयांपैकी शहरांत किती आणि खेड्यांत किती राहत होते, ते १८९० च्या जनगणनेवरून दाखवायचे होते. १० हजारांहून मोठ्या शहरांत ७८,१३९ आणि खेड्यापाड्यांत ७,३४,९५२. साधे पट्टे काढले तर एक पट्टा कागदाबाहेर जाणार! तेव्हा तो लांब पट्टा लाल रंगात साखळीसारखा गोल गोल गुंडाळला. लांबून पाहणाराही चालता चालता थबकतो.

पण खरे सांगायचे तर गुंडाळलेला पट्टा नजरेने मोजता येत नाही. सरळ पट्टी किती लांब ते डोळ्याला लगेच कळते, वेटोळ्याची लांबी कळत नाही. हे त्यांना ठाऊक असावे, कारण त्यांनी आकडेही तिथेच लिहिले आहेत. प्रदर्शनाच्या गर्दीत माणसाला थांबवण्यासाठी एखादे वेटोळे चालेल. पण ज्या कागदावर निर्णय व्हायचा आहे, तिथे सरळ पट्टेच बरे. लांबीची तुलना डोळा अचूक करतो, कोनाची कमी आणि क्षेत्रफळाची त्याहून कमी. म्हणून पाचसहा गोष्टींची तुलना करायची असेल तर भाकरीसारखा गोल कापण्यापेक्षा उभे किंवा आडवे पट्टे काढावेत, आणि ते मोठ्याकडून लहानाकडे लावावेत.

चित्रे खोटेही बोलतात

ज्या विद्येने सत्य दाखवता येते, त्याच विद्येने डोळ्यांत धूळही फेकता येते. घरातल्या प्रत्येकाला ओळखता याव्यात अशा चार फसवणुकी येथे सांगतो.

पहिली, कापलेला पाया. समजा दोन उमेदवारांना ५२ आणि ४८ टक्के मते आहेत. शून्यापासून खांब काढले तर ते जवळजवळ सारखे दिसतील. पण खांबांची सुरुवात शून्याऐवजी ४५ पासून केली की एक खांब ७ भागांचा आणि दुसरा ३ भागांचा होतो. जिंकणारा दुपटीहून मोठा दिसतो! आकडे खरे, चित्र खोटे. म्हणून खांबांचे चित्र दिसले की आधी खाली पाहावे. सुरुवात शून्यापासून आहे का?

दुसरी, फुगवलेले चित्र. उत्पन्न दुप्पट झाले हे दाखवायला रुपयाचे नाणे दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढतात. पण त्याची जागा चौपट होते आणि डोळा चौपटच मोजतो. यावरचा उपाय ऑस्ट्रियातील ओटो नॉयराथ या विचारवंताने दाखवला. व्हिएन्ना शहरातील कामगारांना घरे, आरोग्य, मजुरी यांची माहिती कळावी म्हणून त्याने १९२५ साली एक संग्रहालयच सुरू केले. त्याचा नियम असा होता की जास्त दाखवायचे असेल तर चित्र मोठे करू नका, चित्रांची संख्या वाढवा. एक बाहुली म्हणजे अमुक हजार माणसे असे ठरवा आणि बाहुल्या मोजू द्या. गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराने आणि मारी रायडेमाइस्टर यांनी त्याच्यासाठी अशी हजारो चित्रे घडवली. आज स्थानकांवर आणि दवाखान्यांत दिसणाऱ्या साध्या बाहुल्यांच्या खुणांवर या कामाचा मोठा प्रभाव आहे.

तिसरी, टक्क्यांची जादू. आमच्या योजनेत १०० टक्के वाढ, अशी जाहिरात असते. दोनाचे चार झाले तरी १०० टक्के वाढच. म्हणून विचारावे, कितीचे १०० टक्के?

चौथी, सोयीचे वर्ष. ज्या वर्षी आकडा सर्वांत खाली होता तिथून रेघ सुरू केली की ती वर चढणारच. त्याआधीची पाच वर्षे दाखवा, असे म्हणायला शिकावे. घरी रेघ घेऊन येणाऱ्या एजंटाला तर हे जरूर विचारावे.

शंभर चौकटींचे घर

आता हे आपल्या घरी कसे करायचे? ड्यू बॉईस यांच्याच एका चित्राचा आधार घेऊ. अटलांटातील १५० कृष्णवर्णीय कुटुंबांचा जमाखर्च त्यांनी एका तावावर मांडला आहे. उत्पन्नाप्रमाणे कुटुंबांचे सात गट आणि प्रत्येक गटाचा सारख्या लांबीचा एक आडवा पट्टा, म्हणजे १०० टक्के. त्याचे पाच भाग : भाडे, अन्न, कपडे, कर आणि इतर. या इतरमध्ये धर्म, कला, शिक्षण, आजारपण, बचत, करमणूक, पुस्तके, प्रवास असे सारे आले. सर्वांत गरीब गटात अन्नावर ४३ टक्के, कपड्यांवर २८ टक्के, भाड्यावर १९ टक्के जात आणि शिक्षण-बचतीसह बाकी साऱ्या गोष्टींसाठी उरे एक टक्क्याचा दहावा भाग! सर्वांत वरच्या गटात याच भागासाठी निम्म्याहून अधिक उत्पन्न होते. गरीब माणूस पुस्तक का घेत नाही, बचत का करत नाही, असे उपदेश करणाऱ्यांनी तो पट्टा पाहावा.

आपणही असा कागद करू शकतो. चौकटींच्या वहीत १० ओळी आणि १० रकाने मोजून १०० चौकटी आखा. समजा घरात महिन्याला १८ हजार रुपये येतात. मग एक चौकट म्हणजे १८० रुपये. भाडे ४,५०० असेल तर २५ चौकटी रंगवा. किराणा, भाजी, दूध मिळून ७,२०० म्हणजे ४० चौकटी. मुलांची फी आणि वह्या-पुस्तके २,७०० म्हणजे १५. वीज, मोबाईल, येणे-जाणे १,८०० म्हणजे १०. औषधपाणी ९०० म्हणजे ५. उरल्या ५ चौकटी, ती बचत. आकडे आपापल्या घरचे घाला. रंगवण्याचे काम मुलांना द्या आणि आकडे सांगण्याचे काम घरच्या बाईला, कारण खरा हिशेब तिलाच माहीत असतो. तंबाखू, गुटखा, दारू यांनाही स्वतंत्र रंग द्यावा. तो रंग इतर खर्चात लपवू नये. भिंतीवर लावलेला तो कागद कोणाला बोलत नाही, कोणाशी भांडत नाही, पण येता-जाता सर्वांना दिसतो.

घरचे जमले की वस्तीचे करावे. नळाला पाणी अर्धा तास येते अशी तोंडी तक्रार वर्षानुवर्षे चालते आणि साहेब ऐकून सोडून देतो. त्याऐवजी दोन-तीन मुलांनी ३० दिवस रोज पाणी किती वाजता आले आणि किती वाजता गेले याची नोंद ठेवावी. मग ३० आडवे पट्टे काढावेत, जितकी मिनिटे पाणी तितका लांब पट्टा. पाणी आलेच नाही त्या दिवशी जागा कोरी सोडावी. खाली नोंद कोणी केली आणि कोणत्या तारखा, हे लिहावे. हा एक कागद अर्जाला जोडला की साहेबाला "पाहू" म्हणून टाळणे जड जाते. सरकारी आकडे हवे असतील तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज केल्यावर साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. आलेले आकडे फाईलीत ठेवू नका, त्यांचे चित्र करा.

चित्राने सारे होते काय?

नाही, आणि हे ड्यू बॉईस यांच्याइतके कोणाला कळले नसेल. एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होझ नावाच्या कृष्णवर्णीय मजुराला गोऱ्या झुंडीने हालहाल करून जाळून मारले. त्याविषयी लिहिलेले निवेदन घेऊन ड्यू बॉईस वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाले असता, त्याच रस्त्यावरच्या एका दुकानात होझच्या बोटांची हाडे मांडून ठेवली आहेत असे त्यांना कळले. ते परत फिरले. पुढच्याच महिन्यात त्यांचा दोन वर्षांचाही न झालेला एकुलता मुलगा घटसर्पाने अटलांटात दगावला. हे सारे सोसून त्यांनी काही महिन्यांतच ती रंगीत चित्रे काढली. त्या चित्रांतील प्रश्नचिन्हाचा प्रामाणिकपणा किती महाग होता, हे यावरून समजावे.

पॅरिसमध्ये त्यांना सुवर्णपदक मिळाले. पण १९०८ साली जॉर्जियाने घटनादुरुस्ती करून बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतलाच. माणूस झुंडीकडून मारला जात असताना केवळ थंड डोक्याने आकडे मांडणे पुरेसे नाही, हे ड्यू बॉईस जाणत होते. म्हणून ते संघटनेत उतरले आणि १९१० पासून 'द क्रायसिस' हे मासिक चालवू लागले. आकड्यांना त्यांनी सोडले नाही, त्यांना संघटनेची जोड दिली.

याच ड्यू बॉईस यांना १९४६ साली भारतातून एक पत्र गेले. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी मागितल्या होत्या. ३१ जुलै १९४६ रोजी ड्यू बॉईस यांनी आपुलकीने उत्तर दिले. दोघांच्या कामात एक साम्य आहे. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेला बाबासाहेबांचा निबंध काढून पाहावा, त्यातही आकड्यांच्या तक्त्यांवरच युक्तिवाद उभा आहे. अन्याय होतो आहे एवढे म्हणून दोघेही थांबले नाहीत. किती, कोठे, कधीपासून आणि कशामुळे, हे त्यांनी मोजून दाखवले.

अटलांटाच्या विद्यार्थ्यांची ती चित्रे पुढे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात जाऊन पडली आणि कित्येक दशके फारशी कोणाला आठवली नाहीत. २०१८ साली ती एकत्र पुस्तकरूपाने छापली गेली, तेव्हा जगभरच्या तरुण चित्रकारांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. आज ती त्या ग्रंथालयाच्या संग्रहातून मोबाईलवरही फुकट पाहता येतात. वस्तीतल्या अभ्यासिकेत एखाद्या रविवारी मुलांना ती मोठ्या पडद्यावर जरूर दाखवावीत. मग चौकटींच्या वह्या, पट्ट्या आणि रंगीत खडू वाटावेत. आपल्या वस्तीत मोजण्यासारखे काय आहे, असा प्रश्न मुलांना विचारावा आणि आपण गप्प राहून त्यांची उत्तरे ऐकावीत. नळ, गटार, शाळेची गळती, बसच्या फेऱ्या, रस्त्यावरचे बंद दिवे, मुले पुष्कळ सांगतील. मोजायला माणसाला परवानगी लागत नाही. शिकलेल्या पोरांनी निदान एवढे तरी वस्तीसाठी करावे.